बाळ जन्मतानाचा व्हिडिओ काढायचाय

प्रश्न : ताई, बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, परभणीला गेलीय. पुढच्या महिन्याची तारीख दिलीय. बाळ जन्मतानाचा व्हिडिओ काढावा असं फार मनात आहे. काय तयारी करू?
– एक वाचक, औसा

उत्तर : दादा, आधी तिला विचारलंत का? माझी सगळी नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात गेली, म्हणून सांगते. कळांच्या भरात बाईला अंगावरच्या कपड्याचं भान राहत नाही. आज ती हो म्हणाली, तरी ऐनवेळी ‘बंद करा’ म्हटलं की मोबाईल लगेच खिशात गेला पाहिजे.

मग डॉक्टरांना आत्ताच भेटा. दवाखाना सरकारी असेल तर केंद्राच्या २०१६च्या सूचनेप्रमाणे सोबतीला नात्यातली बाई असते. नवऱ्याला आडोशाची नीट सोय असेल तिथंच घेता येतं. म्हणजे मोबाईल कदाचित सासूबाईंच्या हाती जाईल. पण त्यांचा एक हात लेकीच्या हातात हवा, हे मला व्हिडिओपेक्षा मोठं वाटतं.

तिच्या डोक्याच्या बाजूलाच उभं राहायचं. फ्लॅश बंद, फ्लाइट मोड चालू, मेमरी रिकामी. शेजारच्या टेबलावरची बाई चित्रात येता कामा नये. बाळ रडलं की घाईनं मोबाईल बंद करू नका. ते ओलंचिंब आईच्या छातीवर ठेवतात, नाळ कापायला तिची धडधड थांबेपर्यंत एक ते तीन मिनिटं थांबतात, तेवढ्यात ते आईच्या आवाजाकडं मान वळवू बघतं. तेच टिपा.

सिझर ठरलं तर डॉक्टर सांगतील तेच ऐका. आणि स्टेटसला काही ठेवायचं असेल, तर तिला विचारून.