यात्रेहून परतल्यावर घरचा उंबरठा

“पवित्र भूमीची यात्रा करून आले आणि घरातच परकी झाले. मला गर्व झालाय का, एवढंच सांगा.” वसई पट्ट्यातल्या एका 58 वर्षांच्या ख्रिस्ती बाईंचा हा प्रश्न. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण प्रश्न नेहमीचाच. वेलंकणीहून, लूर्दहून, रोमहून परतलेलेही तो घेऊन आमच्याकडे सल्ल्याला येतात, आणि जो स्वतःहून विचारायला येतो त्याचं बहुतेक वेळा अजून काही बिघडलेलं नसतं.

बाई 2023च्या सुरुवातीला धर्मग्रामातल्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, गटाबरोबर दहा दिवस जाऊन आल्या. नाझरेथ, काना, ताबोर, यार्देन, बेथलेहेम, यरुशलेम, ही सगळी येशूच्या आयुष्याशी जोडलेली ठिकाणं. परतल्या आणि लगेच ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला. समूहाच्या प्रार्थनेत धाकटी जाऊ क्रुसाच्या वाटेचं, म्हणजे येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासाच्या प्रार्थनेचं, सातवं स्थान वाचत होती, येशू दुसऱ्यांदा पडतो ते. बाईंनी तिला मध्येच थांबवून सांगितलं, की ही जागा यरुशलेमात भर बाजारात आहे, दुकानांच्या गर्दीत, तुम्हाला वाटते तशी शांत नाही. माहिती खरी होती. पण जावेचं वाचन तिथेच तुटलं आणि पुढची स्थानं दुसऱ्या कोणीतरी वाचली.

त्याआधी भेटवस्तू वाटून झाल्या होत्या. बेथलेहेमहून आणलेल्या जैतुनाच्या (ऑलिव्हच्या) लाकडाच्या जपमाळा फादरांना, समूहाच्या प्रमुखांना आणि विहिणीला मिळाल्या. जावेला कीचेन. याच जावेने ते दहा दिवस अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं केलं होतं: डायपर बदलणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्रीसुद्धा दर दोन तासांनी कूस बदलून देणं. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, “ताई, तुम्ही देवाला भेटून आलात. आम्ही इथेच राहिलो.”

हे वाक्य बाईंना लागलं आणि त्यांनी दुसरं टोक गाठलं. फोटो लपवून ठेवले, मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, वाचन करायचं बंद केलं, कोणी यात्रेबद्दल विचारलं तर “माझी काय लायकी?” म्हणून विषय तोडू लागल्या. मग सगळे त्यांची समजूत काढू लागले. आधी यात्रेचं कौतुक चाललं होतं, आता मौनाचं सुरू झालं, आणि मध्यभागी बाईच राहिल्या. यात्रेकरूंच्या बाबतीत ही चूक फार वेळा होते. ती नम्रतेसारखी दिसते म्हणून कोणी टोकतही नाही.

आम्ही आधी गर्वाचा विषय बाजूला ठेवला आणि एका वहीत सात दिवसांच्या नोंदी करायला सांगितल्या. यात्रेचा विषय कोणी काढला, किती मिनिटं चालला, त्याआधी समोरचा माणूस काय सांगत होता, एवढे तीनच रकाने. या आठवड्यात जबरदस्तीने गप्प राहायचं नाही, हेही बजावलं. आठवड्यात अकरा नोंदी झाल्या. नऊ वेळा विषय बाईंनीच काढलेला. तिसरा रकाना भरताना त्या अडखळल्या. शेजारीण मुलाच्या नोकरीचं सांगत होती, ते नेमकं काय होतं हे पाच ठिकाणी आठवेना.

असं का होतं? ताबोर डोंगराची गोष्ट इथे उपयोगी पडते. मोठी बस वर जात नाही, पायथ्याशी उतरून छोट्या गाड्यांनी वळणं घेत चढावं लागतं, हे बाईंना आठवत होतं. याच डोंगरावर, परंपरेप्रमाणे, येशूचं रूपांतर झालं, म्हणजे त्याचं रूप तेजाने उजळलं, आणि त्याचा शिष्य पेत्र याने तीन मंडप बांधायची भाषा केली. अनुभव तिथेच डांबून ठेवायची ती धडपड होती. यात्रेकरूचंही तसंच होतं. दहा दिवस स्वयंपाक नाही, दुखणं-बाणं नाही, रोज नव्या पवित्र स्थळी मिस्सा. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी गॅस सिलेंडर संपतो. ओंजळीतलं पाणी गळून जाईल या भीतीने माणूस तेच तेच सांगत राहतो, आणि दर खेपेला त्या सांगण्यात ‘मी’ जरा मोठा होतो. बाईंच्या मुळाशी गर्वापेक्षा ही भीतीच जास्त होती. पण ऐकणाऱ्याला ती गर्व म्हणूनच ऐकू येते. शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, डोंगर उतरताना येशू शिष्यांना सांगतो, मी मेलेल्यांतून उठेपर्यंत हे कोणाला सांगू नका. आणि खाली उतरल्याबरोबर समोर येतो झटके येणारा एक मुलगा आणि त्याचा हवालदिल बाप.

बाई म्हणाल्या, “पण मला आतून नम्र वाटतच नाही, मग वागण्यात कुठून आणू?”

बेथलेहेमच्या जन्ममंदिराचं दार त्यांनी वाकून ओलांडलं होतं. जेमतेम सव्वा मीटर उंचीचं ते दार. भोवतालच्या दगडात जुन्या मोठ्या दारांच्या खुणा अजून दिसतात. घोडे नि गाड्या आत घुसू नयेत म्हणून ते बुजवून लहान केलं असं सांगतात, ‘नम्रतेचं दार’ हे नाव नंतरचं. आत जाणाऱ्याच्या मनात काय चाललंय हे दार विचारत नाही, वाकायला मात्र लावतं. तेव्हा घरात अशी दारं कुठे घालता येतील, ते आम्ही शोधलं.

फोटो बाराच ठेवायचे, आणि कोणी दाखवा म्हटलं तरच दाखवायचे, दहा मिनिटांत. “कसं झालं?” याला दोन वाक्यांचं उत्तर, त्यानंतर समोरच्याला एक प्रश्न. पुढचं ऐकायचं असेल तर तो विचारतो, नसेल तर तोही सुटतो. प्रार्थनेत दुसरा वाचत असताना दुरुस्ती नाही, ती खरी असली तरी. आणि सांगताना यात्रा कोणामुळे झाली तिथून सुरुवात: यात्रेचं कर्ज फेडायला कोणी मदत केली, सासूबाईंकडे कोणी पाहिलं.

जावेची माफी पहिल्यांदा फसली. बाई पाऊण तास रडल्या आणि शेवटी जावेलाच त्यांना पाणी द्यावं लागलं. लांबलेल्या माफीत असं होतं, दुखावलेल्या माणसावर आणखी एक काम पडतं. दुसऱ्या खेपेला आम्ही तीन वाक्यं ठरवली: तुझं वाचन मी तोडलं, तुला कीचेन दिलं ते चुकलं, या महिन्यात दहा रात्री आईंकडे मी बघते. जितक्या रात्री जावेने काढल्या तितक्याच. बाईंनी स्वतःची जपमाळ तिला देऊ केली. जावेने ती लगेच घेतली नाही आणि बाईंनी आग्रह धरला नाही.

एका बाबतीत बाईंना धीर द्यावा लागला. लाखाच्या वर खर्च केला म्हणून टोमणे मारणारे एक चुलतदीर होते. त्यांची नाराजी पैशाची होती, ती बाईंच्या गर्वाच्या खाती मांडायचं कारण नव्हतं. आनंद लपवायचंही कारण नव्हतं. आनंदात दुसऱ्याला जागा उरते का, एवढं पाहावं. गर्व हे पाप म्हणून सलत असेल तर ते पापनिवेदनात धर्मगुरूंपाशी न्यावं, सवयीचं काम वहीत करावं. निवेदन करूनही तोच दोष महिनोन्महिने छळत असेल, झोप उडाली असेल, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला लाजू नये.

बायबलचं लॅटिन भाषांतर करणारे संत जेरोम स्वतः बेथलेहेमात राहिले आणि तिथेच 420मध्ये वारले. तरीही दूरच्या एका मित्राला त्यांनी लिहिलं, की स्वर्गाची वाट यरुशलेमहून जितकी खुली तितकीच ब्रिटनहूनही. हे ऐकून बाई खूप वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “म्हणजे आमच्या मागच्या खोलीतूनही.”

मागच्या खोलीत सासूबाई झोपतात. ठरलेल्या रात्रींपैकी चौथ्या रात्री दोनच्या सुमाराला कूस बदलताना म्हातारीनेच विचारलं, तिथे झाडंबिडं आहेत का गं? बाईंनी सांगितलं, गेथसेमनीच्या बागेत आठ फार जुनी जैतुनाची झाडं आहेत, खोडं पिळवटलेली, आतून पोकळ. मग समोरच्याला प्रश्न विचारायचा नियम आठवून विचारलं, तुमच्या माहेरच्या वाडीत कुठली झाडं होती? सासूबाई पहाटेपर्यंत एकेक झाड सांगत होत्या. मध्येच थांबून त्यांनी एकदाच विचारलं, त्या जुन्या झाडांना अजून फळं धरतात का?

“धरतात,” बाई म्हणाल्या आणि पाठीमागची उशी सरळ केली.