'थेट शैली' आणि 'टीम स्पिरिट': फुटबॉलच्या वादासाठी मराठी

प्रश्न असा आला आहे. इंग्लिश फुटबॉलमधल्या एका क्लबचे दोन चाहते आपल्या मॅनेजरवरून भांडताहेत. एक म्हणतो, "हा फारच डायरेक्ट खेळवतो, बघवत नाही." दुसरा म्हणतो, "असेल, पण टीमचं स्पिरिट बघ ना!" हा वाद मराठीत लिहायचा आहे. प्रश्नकर्त्यानं 'मॅनेजरची थेट शैली' आणि 'संघाची भावना' असं लिहिलं. त्यावर मित्रानं हरकत घेतली: 'थेट' हे क्रियाविशेषण आहे, ते नामाआधी येत नाही, आणि 'संघाची भावना' म्हणजे संघाला काय वाटतं ते. बरोबर कोण?

दुसरी हरकत रास्त आहे, तिच्याकडे नंतर येऊ. पहिली मात्र टिकत नाही. थेट भरती, थेट प्रक्षेपण, थेट परकीय गुंतवणूक हे शब्दप्रयोग आपण रोज वाचतो आणि त्यांत कुणाला व्याकरणाचा दोष दिसत नाही. 'थेट' मूळचं क्रियाविशेषण असलं तरी नामाआधी बसायला ते केव्हाच शिकलं आहे.

पण मित्राच्या कानाला काहीतरी खटकलं ते खरंच आहे, फक्त त्याचं कारण वेगळं. 'थेट'ला मुक्काम लागतो. थेट घरी, थेट साहेबांकडे, थेट कोर्टात. कुठे, ते सांगितलं की शब्द जिवंत होतो, आणि त्याच्या पोटात आणखी एक गोष्ट असते: मधले टप्पे गाळले. 'तो थेट साहेबांकडे गेला' या वाक्यात हेडक्लार्कला डावलल्याची बातमीसुद्धा आहे. 'शैली'ला असा कुठलाच मुक्काम नाही. ती कुठे जात नाही, त्यामुळे 'थेट' तिच्यापुढे लोंबकळत राहतं.

शिवाय दोन गैरसमज आयतेच दाराशी उभे आहेत. 'थेट फुटबॉल' असं लिहिलंत तर वाचक घड्याळ बघेल, कारण टीव्हीनं 'थेट' या शब्दाचा अर्थ 'आत्ता, या क्षणी चालू असलेलं' असा करून ठेवला आहे. आणि 'मॅनेजरची थेट शैली' म्हटलंत तर त्याला पत्रकार परिषद आठवेल: हा माणूस आडपडदा न ठेवता बोलतो असं दिसतंय. त्या गुणाला आपल्याकडे रोखठोक, सडेतोड, तोंडावर बोलणारा असे चांगले शब्द आहेत, ते तिथेच राहू द्यावेत. शॉन डाइशसारखा प्रशिक्षक असला तर घोटाळा आणखी वाढतो. खरखरीत आवाजात सरळ बोलणारा आणि संघालाही सरळ पुढे खेळवणारा हा माणूस. २०१७-१८च्या मोसमात त्यानं बर्नलीसारख्या छोट्या क्लबला प्रीमियर लीगमध्ये सातव्या क्रमांकावर नेलं. त्याची 'थेट शैली' म्हणजे नेमकी कुठली, हे वाचकानं कसं ओळखायचं?

उपाय सोपा आहे. 'थेट'ला नामापासून सोडवून क्रियापदाकडे न्या आणि त्याचा मुक्काम त्याला द्या. 'चेंडू थेट पुढच्या फळीकडे जातो.' आता मधली फळी गाळली हे वेगळं सांगावंच लागत नाही, आणि डायरेक्ट खेळाचं मर्म नेमकं तेच आहे. गोलरक्षक किंवा बचावपटू चेंडू उचलून पुढे धाडतो, पुढच्या फळीतला उंच स्ट्रायकर तो डोक्यानं उतरवून देतो किंवा मागे सोडतो, आणि मधल्या फळीचे खेळाडू पास देण्याऐवजी त्या सुटलेल्या चेंडूमागे धावतात. म्हणजे मधली फळी मैदानात असते, चेंडू फक्त तिच्या डोक्यावरून जातो. (डायरेक्ट फ्री किकला मात्र 'थेट' छान शोभतं. त्या किकवरून चेंडू कुणालाही न लागता गोलात गेला तरी गोल धरतात. थेट गोलात. मुक्काम आहेच.)

इथे एक भेद पाळायला हवा, कारण भांडणातले चाहतेसुद्धा तो विसरतात. डायरेक्ट म्हणजे लांब नव्हे. लवकरात लवकर, कमीत कमी पासमध्ये प्रतिस्पर्ध्याच्या गोलाकडे पोचणं म्हणजे डायरेक्ट. मग चेंडू उंच मारा, जमिनीवरून सरळ पास द्या किंवा पायाशी घेऊन धावत सुटा. लांब चेंडू हा त्यातला एक मार्ग. २०१५-१६ मध्ये लेस्टर सिटीनं क्लाउडिओ रानिएरी यांच्या हाताखाली लीग जिंकली ती चेंडू बराच वेळ प्रतिस्पर्ध्याकडे सोडून आणि तो मिळाला रे मिळाला की स्ट्रायकर जेमी वार्डीच्या धावेपुढे टाकून. वार्डीनं त्या मोसमात लागोपाठ ११ लीग सामन्यांत गोल केले. या खेळाला कुणी 'नुसतं लांब मारणं' म्हटलं नाही. तो डायरेक्ट मात्र होता.

'डायरेक्ट' आणि 'लांब' यांची सांगड इतकी घट्ट बसली याला एक माणूस बराचसा कारणीभूत आहे: चार्ल्स रीप. ब्रिटिश हवाई दलात हिशेबाचं काम पाहणाऱ्या या अधिकाऱ्यानं १८ मार्च १९५० रोजी स्विंडन टाउनचा सामना बघता बघता कागद-पेन्सिल काढली आणि प्रत्येक चाल टिपायला सुरुवात केली. पुढे त्याचे आकडे एका संख्याशास्त्रज्ञाबरोबर १९६८ मध्ये शोधनिबंध म्हणून छापून आले. निष्कर्ष असा की बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालीतून होतात. त्यावरून सल्ला निघाला: पास कमी करा, चेंडू लवकर पुढे न्या. गंमत अशी की मुळात बहुतेक सगळ्या चालीच तीन पासांच्या आत संपतात, मग गोलही त्यांतूनच जास्त होणार यात नवल ते काय! हा आक्षेप पुढच्या अभ्यासकांनी घेतला, पण तोवर इंग्लंडच्या प्रशिक्षकांची एक पिढी त्या सल्ल्यावर तयार झाली होती.

ही दिशा सांगायला मराठीत 'उभा' आणि 'आडवा' ही जोडी हाताशी आहे. 'उभा पास' म्हणजे गोलाच्या दिशेनं दिलेला, 'आडवा पास' म्हणजे बाजूच्या सोबत्याला दिलेला. 'आमचा मॅनेजर आडवे पास देऊच देत नाही' हे वाक्य कुणालाही कळेल. 'उभा खेळ' मात्र लिहू नका. अकरा जण जागच्या जागी उभे आहेत असं वाटेल, आणि डायरेक्ट खेळात नेमकं उलट घडतं, त्यात पळून पळून जीव जातो.

आता खरी मौज. मराठीत चाहत्याचं मत विशेषणापेक्षा क्रियापदात जास्त बोलतं. चेंडू पुढे धाडतो, पाठवतो, टाकतो, टोलवतो, भिरकावतो. मैदानात एकच गोष्ट घडते आणि बोलणाऱ्याची निष्ठा पाचांत पाच तऱ्हेची. 'धाडतो' म्हटलं की पत्ता ठाऊक आहे. 'टाकतो'मध्ये थोडी बेफिकिरी आली. 'भिरकावतो' म्हटलं की पत्ताच नाही. 'टोलवतो' क्रिकेटच्या पानावर कौतुकाचं असलं तरी फुटबॉलमध्ये जबाबदारी झटकल्यासारखं ऐकू येतं, शेजारी 'टोलवाटोलवी' बसलेली आहे ना! प्रश्नातला पहिला चाहता भिरकावणाऱ्या पक्षाचा आहे, दुसरा धाडणाऱ्या. 'डायरेक्ट' हा एकच शब्द दोघांच्या तोंडी ठेवण्यापेक्षा ही दोन क्रियापदं वापरा, भांडण वाचणाऱ्याला ऐकू येईल.

विरुद्ध पक्षाच्या खेळालाही हेच लागू. पासांवर पास देत चेंडू आपल्याकडे राखणं म्हणजे 'चेंडू खेळवत ठेवणं'. आणि 'खेळवत ठेवणं' म्हणजे झुलवणं, तंगवणं हा अर्थ तिथे आपसूक हजर आहेच. आवडत असेल तर 'खेळवतात', कंटाळा आला असेल तर 'घोळवत बसतात'. त्या 'बसतात'मध्ये अर्धी तक्रार आहे. प्रश्नकर्त्याच्या मूळ वाक्यातलं 'डायरेक्ट खेळवतो' हे प्रयोजकही सुरेख आहे: खेळतात खेळाडू, खेळवतो मॅनेजर. दोष कुणाचा हे एका प्रत्ययात सांगून झालं. ते काढून 'शैली' घालणं म्हणजे हातचं सोडून देणं.

आता 'स्पिरिट'. 'संघाचा आत्मा' असंही भाषांतर मी वाचलं आहे. ते नको; संघाचा आत्मा म्हणजे ज्याच्यावाचून संघ चालत नाही असा एखादा खेळाडू. 'खिलाडूवृत्ती' तर अजिबात नको. ती प्रतिस्पर्ध्याशी आणि पराभवाशी सभ्यपणे वागण्याची वृत्ती आहे, आणि टीम स्पिरिटसाठी नावाजलेल्या संघांत ती असतेच असं नाही. विम्बल्डन या लंडनच्या फुटबॉल क्लबचं उदाहरण घ्या. १९७७ मध्ये फुटबॉल लीगमध्ये आलेला हा क्लब १९८६ मध्ये पहिल्या, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च विभागात पोचला आणि १४ मे १९८८ रोजी वेम्बलीवर लिव्हरपूलला १-० हरवून त्यानं एफए कप जिंकला. लॉरी सांचेझनं डोक्यानं गोल केला, आणि गोलरक्षक डेव्ह बीझंटनं जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी अडवली. वेम्बलीवरच्या एफए कप अंतिम सामन्यात पेनल्टी अडवली गेली ती प्रथमच. चेंडू उंच, खेळ आडदांड, आणि टोपणनाव 'क्रेझी गँग'. सोबत्याचे कपडे फाडणं, जाळणं असल्या थट्टा त्यांच्या ड्रेसिंगरूममध्ये चालत. यांना जिगर होती हे त्यांचे शत्रूही मान्य करत. खिलाडूवृत्तीसाठी त्यांचं नाव कुणी घेतलं नाही.

मग 'संघभावना'? हा समास रूढ आहे आणि चालतो. 'संघाची भावना' आणि 'संघभावना' यांत फरक आहे, म्हणून मित्राची ती हरकत बरोबर. पण 'संघभावना'ला बक्षीस समारंभाचा वास येतो. 'खेळाडूंनी संघभावनेचं दर्शन घडवलं' असं पाहुणे बोलतात. सामन्याच्या ८९व्या मिनिटाला घसा बसलेला चाहता असं बोलत नाही.

अडचण शब्दाची कमी असं नाहीच. 'स्पिरिट'मध्ये दोन वेगळ्या गोष्टी गुंडाळलेल्या असतात आणि मराठी त्या वेगळ्या ठेवते. एक, खेळाडूंचं आपसातलं नातं: एकी, एकोपा, एकदिलानं खेळणं. दुसरी, समोरच्यापुढे न वाकण्याची वृत्ती: जिद्द, जिगर, चिवटपणा, ईर्षा. ('ईर्षेनं खेळले' हे मराठीत कौतुक आहे. कुणी त्यात मत्सर वाचला, तर वाचू द्या.) लेस्टरनं गोल न खाता सामना जिंकला तर पिझ्झा देईन असं रानिएरी यांनी कबूल केलं होतं, ऑक्टोबर २०१५ मध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्ध ते जमलं, तेव्हा त्यांनी खेळाडूंना नेऊन पिझ्झा स्वतःच करायला लावला. हा एकोपा. तर १९९० च्या विश्वचषकात प्रशिक्षक जॅक चार्ल्टनचा आयर्लंड संघ चार सामन्यांत दोनच गोल करून, ठरलेल्या वेळेत एकही सामना न जिंकता उपांत्यपूर्व फेरीत पोचला. चेंडू बचावफळीच्या मागे टाकायचा आणि मग प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडायचं, एवढंच सूत्र. ही जिद्द. इजिप्तबरोबरच्या गोलशून्य बरोबरीनंतर आयर्लंडचाच माजी खेळाडू एमन डन्फी टीव्हीवर या खेळाबद्दल कडाडला, आणि देशभरातले चाहते त्याच्यावर उलटले. प्रश्नातलाच वाद, फक्त अख्ख्या देशाच्या आकाराचा.

तेव्हा दुसऱ्या चाहत्याला नक्की काय म्हणायचं आहे ते आधी ठरवा. संघ ०-१ मागे असून शेवटपर्यंत धावला म्हणून तो खूश असेल तर 'जिद्द'. खेळाडू मॅनेजरच्या पाठीशी उभे आहेत, ड्रेसिंगरूममध्ये फाटाफूट नाही, असं म्हणायचं असेल तर 'एकी'. हरत असताना न खचणं सांगायचं तर नामाचीही गरज नाही: 'हातपाय गाळत नाहीत', 'कच खात नाहीत'. असे नकारार्थी वाक्प्रचार चाहत्याच्या तोंडी सगळ्यात नैसर्गिक वाटतात.

'मॅनेजर'बद्दल विचारलेलं नाही, पण सांगून टाकतो. 'व्यवस्थापक' करू नका. आपल्या क्रिकेटनं संघ व्यवस्थापक म्हणजे प्रवास, निवास आणि कागदपत्रं पाहणारा माणूस असं ठरवून ठेवलं आहे. मजकुरात 'प्रशिक्षक', आणि संवादात 'मॅनेजर'च.

दुसऱ्या चाहत्याचा रोख जिद्दीवर आहे असं धरून तो संवाद मी असा लिहीन:

"अरे, मधली फळी कशाला ठेवलीय यानं? चेंडू मिळाला की दिला भिरकावून पुढे. बघवत नाही."

"भिरकावून नाही, स्ट्रायकरकडे धाडतात थेट. आणि गेल्या मोसमात दोन गोल खाल्ले की माना टाकायचे हेच लोक. आता शेवटच्या शिट्टीपर्यंत हटतात का कुणी?"

दुसऱ्याच्या तोंडी 'स्पिरिट' हा शब्द आलाच पाहिजे असं वाटत असेल, तर तो तसाच ठेवा. फुटबॉल बघणारी पोरं 'टीमचं स्पिरिट' सर्रास म्हणतात. संवादात ते खपून जातं, लेखाच्या मथळ्यात मात्र 'जिद्द' ठेवा.