अमेरिकेत समलिंगींची सरकारी नोकरी स्टोनवॉलमुळे वाचली का?

तुमचा प्रश्न: अमेरिकेत समलिंगी असल्याचं कळलं की सरकारी नोकरीतून काढत, ते स्टोनवॉलच्या दंगलीनंतर (न्यूयॉर्कमधल्या स्टोनवॉल या समलिंगींच्या बारवर जून 1969मध्ये पोलिसांचा छापा पडला, तेव्हा उसळलेली ती दंगल) थांबलं ना?

थांबलं नंतरच, पण ती लढाई दंगलीच्या दहा-बारा वर्षं आधीच सुरू झाली होती. आणि लढली गेली अर्ज, अपिलं आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजवून.

1953 साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी काढलेल्या आदेशात 'लैंगिक विकृती' हे नोकरीतून काढायचं एक कारण ठरलं. सरकारचं म्हणणं, अशा माणसाला शत्रूचे हेर ब्लॅकमेल करतील. आता बघा, बभ्रा झाला की नोकरी जाणार, म्हणून तर माणूस घाबरणार! हेरांच्या हाती कोलीत दिलं होतं ते सरकारनेच.

फ्रँक कॅमेनी हे हार्वर्डचे खगोलशास्त्रातले पीएच.डी., महायुद्धात लढलेले. 1957मध्ये लष्कराच्या नकाशा विभागात लागले आणि त्याच वर्षी बडतर्फ झाले. पाठोपाठ केंद्र सरकारच्या सगळ्याच नोकऱ्यांची दारं बंद. रशियाचा पहिला उपग्रह स्पुटनिक नुकताच वर गेला होता, आणि हे सरकार खगोलशास्त्रज्ञाला घरी बसवत होतं! असे कितीतरी लोक तोवर मुकाट राजीनामा देऊन निघून जात. कॅमेनी भांडले. वकिलाने हात टेकल्यावर सर्वोच्च न्यायालयातला अर्ज त्यांनी स्वतः लिहिला. धर्म किंवा वंश बघून केलेल्या भेदभावाइतकाच हाही वाईट, हा त्यांचा मुद्दा. मार्च 1961मध्ये कोर्टाने तो अर्ज ऐकायलाच घेतला नाही. त्याच वर्षी त्यांनी वॉशिंग्टनमध्ये मॅटाशीन सोसायटी ही समलिंगींच्या हक्कांसाठी लढणारी संघटना काढली.

17 एप्रिल 1965 रोजी व्हाइट हाउससमोर दहा जण फलक घेऊन फिरले. पुरुषांनी सूट-टाय, बायकांनी ड्रेस घालायचा, हा कॅमेनींचा दंडक. नोकरी मागायची तर नोकरीला शोभेल असं दिसा! तरुण कार्यकर्त्यांना पुढे हे फार जुनाट वाटलं, पण त्या काळात मला ते चलाखीचं वाटतं.

जूनमध्ये मोर्चा वळला नागरी सेवा आयोगाकडे, म्हणजे केंद्र सरकारच्या नोकऱ्यांचे नियम ठरवणाऱ्या आयोगाकडे. आयोगाचे अध्यक्ष जॉन मेसी यांनी फेब्रुवारी 1966मध्ये लेखी उत्तर दिलं. त्यात इतर कर्मचाऱ्यांना वाटणारी धास्ती होती, लोकांचा विश्वास होता, आणि सामायिक संडास-न्हाणीघरांचीही काळजी होती. कामात काय कसूर होते, याचा पुरावा मात्र नव्हता.

कोर्टाने नेमकं तेच विचारलं. क्लिफर्ड नॉर्टन हे नासातले अर्थसंकल्प विश्लेषक, याच कारणावरून काढलेले. खासगी वागण्याचा कामावर काय परिणाम होतो ते दाखवा, नुसती लाज वाटते म्हणून काढता येणार नाही, असा निकाल वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने दिला. तारीख 1 जुलै 1969. स्टोनवॉलला तेव्हा जेमतेम तीन दिवस झाले होते. दंगल बघून निकाल लागला, असं म्हणायला जागाच नाही.

(मराठी वाचकाला इथे डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस आठवतील. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक. 2010मध्ये स्वतःच्या घरातल्या खासगी समलिंगी संबंधावरून निलंबित झाले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली आणि त्यानंतर आठवड्याभरात ते गेले.)

आयोगाने बंदी मागे घेतली ती 3 जुलै 1975 रोजी. तीही नागरी नोकऱ्यांपुरती. गोपनीय कामाच्या परवान्यातली आडकाठी दूर व्हायला 1995 उजाडलं, आणि लष्करात उघडपणे समलिंगी म्हणून राहता येऊ लागलं ते थेट सप्टेंबर 2011मध्ये.