पहिली युकुलेली (गिटारसारखं छोटं चार तारांचं वाद्य) करताय? मग आधी पडद्यांचं गणित

सोप्रानो मापाची युकुलेली लहान म्हणून करायला सोपी, असं वाटतं खरं. पण तिच्या आवळ वळणांच्या कडा वाकवताना लाकूड पटकन तडकतं. तू त्याहून मोठी, कॉन्सर्ट मापाची घे, तारेची लांबी ३८० मिमी.

लाकडाची फार चिंता नको. महोगनी उत्तम, नाहीतर मिरजेत सतार-तंबोऱ्याला वापरतात ते तुणीचं लाकूड चालेल, फक्त चांगलं वाळलेलं हवं. जुनं सागवान वापरणार असशील तर ते तेलकट असतं, चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसून घे. तबली, म्हणजे पेटीची वरची पातळ फळी, २ मिमी जाडीच्या आसपास आण. नायलॉनच्या तारांना फारसा ताण नसतो, त्यामुळे जाड तबली हलतच नाही आणि आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. बहुतेक नवखे घाबरून ती जाडच ठेवतात.

खरी मेख पडद्यांत, म्हणजे दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांत (फ्रेट) आहे. ३८० ला १७.८१७ ने भाग, २१.३ मिमीवर पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा तसंच भागत जा. बारावा बरोबर १९० वर यायला हवा. मात्र खुणा करताना प्रत्येक माप दांडीच्या वरच्या टोकापासूनच, जिथून तारेची लांबी मोजतात तिथूनच, घे, आधीच्या पडद्यापासून नको. बारीक चुका साठत जातात. घोडी (तबलीवर तारा जिच्यावर टेकतात ती) ३८० च्या दीड-दोन मिमी पुढे बसव, कारण दाबल्यावर तार ताणली जाते आणि सूर चढतो.

आणि हो, तबलीला आतल्या पट्ट्या पावसाळ्यात चिकटवू नकोस. लाकूड तेव्हा फुगलेलं असतं. उन्हाळ्यात आकसलं की तबलीला चीर पडते. तोवर दांडी कोरायला घे.