माझ्या आईला स्तनाचा कॅन्सर होता. उंदरांमध्ये हा कॅन्सर दुधातून पिल्लांकडे जातो असं वाचलं. मी माझ्या बाळाला अंगावर पाजावं का?

पाजा. याच शंकेपायी आमच्या घरात एका ओल्या बाळंतिणीचं दूध गोळ्या देऊन आटवलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेच्या उंदीरघरात नोकरी केली. तुम्ही जे वाचलंत ते काम मी स्वतः केलंय. सी-थ्री-एच नावाच्या स्ट्रेनमध्ये, म्हणजे उंदरांच्या एका वाणात, जवळपास प्रत्येक मादीला आज ना उद्या स्तनात गाठ येते. तिची पिल्लं जन्मली की पहिलं दूध पोटात जायच्या आत उचलायची आणि दुसऱ्या, निरोगी स्ट्रेनच्या नुकत्याच व्यायलेल्या मादीखाली ठेवायची. आधी त्या मादीच्या पिंजऱ्यातला भुसा पिल्लांना चोळायचा, नाहीतर परका वास आला की ती पिल्लं खाऊन टाकते. असं केलं की याच पिल्लांना पुढे गाठी कितीतरी कमी येतात, आणि आल्या तरी उशिरा. अमेरिकेत बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन बिटनर यांनी १९३६ साली हे दाखवून दिलं. गाठीचं कारण दुधात होतं, आणि पुढे तो विषाणू निघाला.

मला या कामाचा अभिमान होता आणि आहे. परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये कमल रणदिवे यांनी उंदरांच्या स्तनांच्या गाठींवर वर्षानुवर्षं काम केलं होतं. त्या पुण्याच्या, त्यांना १९८२ साली पद्मभूषण मिळालं. त्या वाटेवर आपणही काहीतरी करतोय असं वाटायचं. घरी जेवताना मी हे सगळं रंगवून सांगायचे. आमचे मोठे दीरही ऐकायचे.

पुढे धाकट्या जाऊला मुलगी झाली. तिची आई लग्नाच्या आधीच स्तनाच्या कॅन्सरने गेलेली. मोठे दीर थेट दवाखान्यात आले आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, "तूच सांगतेस ना, पिल्लू आईखालून उचललं की कॅन्सर टळतो? मग हिचं पोर का उचलायचं नाही?" सोबत एका मासिकाचं कात्रण होतं. पारशी बायकांच्या दुधात उंदरांच्या विषाणूसारखे कण सापडल्याची ती बातमी.

बातमी खोटी नव्हती. १९७१ साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात अमेरिकेतले डॅन मूर आणि त्यांचे सहकारी यांचा तो लेख आला होता. त्यात मुंबईच्या संशोधक सत्यवती सिरसाट यांचंही नाव होतं. पारशी बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त, म्हणून त्यांचं दूध इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलं. त्यात कण दिसले. पण कण दिसले म्हणजे विषाणू झाला का, आणि विषाणू असला तरी त्याने बाळाला कॅन्सर होतो का? हे पुढचे दोन प्रश्न कात्रणात नव्हते. ते मी विचारले. "भावोजी, उंदरावरून माणसाचं असं ठरवता येत नाही," हेही सांगितलं. डॉक्टरांनी "घरच्यांची इच्छा असेल तर हरकत नाही" म्हणून चिठ्ठी लिहून दिली आणि पावडरचा डबा आला. जाऊ तापाने फणफणली, छाती दगडासारखी झाली, पोर शेजारी रडत होतं आणि हिला त्याला जवळ घ्यायची चोरी. त्या खोलीत एकालाही वाटलं नाही की तिला विचारावं.

आता विज्ञानाचं. उंदरांतसुद्धा दूध ही एकमेव वाट नाही. युरोपात जीआर नावाची एक स्ट्रेन आहे, तिच्यात हा विषाणू जनुकांतच बसलेला असतो आणि बापाकडूनही तितकाच येतो. माणसातही घराण्यात चालत येणारा स्तनाचा कॅन्सर येतो तो जनुकांतून, बीआरसीए-१, बीआरसीए-२ वगैरे. तो दोष आईकडून येतो तसाच वडिलांकडून. गर्भ राहतो त्या क्षणी काय मिळायचं ते मिळून गेलेलं असतं. दूध तोडून त्यातलं काहीही परत घेता येत नाही. दीरांनी बापाकडच्या नात्यात कोणाला काय झालं होतं हे एकदाही विचारलं नाही. दोष दुधाचा, म्हणजे बाईचा, हे आधीच ठरलेलं होतं.

आणखी एक. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००२ साली तीस देशांतल्या ४७ अभ्यासांचा एकत्र हिशोब आला. बाईने जितके महिने पाजलं तितका तिचा स्वतःचा स्तनाच्या कॅन्सरचा धोका कमी, दर बारा महिन्यांमागे ४.३ टक्क्यांनी. म्हणजे जिच्या आईला कॅन्सर होता, जिला ही सवलत सगळ्यात जास्त हवी होती, तिचीच ती काढून घेतली. हा आकडा तेव्हा माझ्याकडे असता तर दीरांच्या कात्रणावर ठेवला असता.

माणसात हा विषाणू असतो का? सिद्ध झालेलं नाही. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमधल्या गटाने स्तनाच्या गाठींपैकी ३८ टक्क्यांत त्याच्यासारखा जनुकाचा तुकडा सापडल्याचं छापलं. नंतर काहींना सापडला, बऱ्याच जणांना नाही. ज्या प्रयोगशाळेत उंदीर आहेत तिथे उंदराचा डीएनए कुठेही मिसळू शकतो, आणि माणसाच्या जनुकांतही या विषाणूच्या जुन्या नातेवाइकांचे अवशेष आहेतच. एवढ्या नाजूक चाचणीवर मी तरी कोणाचं दूध तोडणार नाही.

म्हणून संशोधन वाया गेलं असं कोणी म्हटलं तर मला राग येतो. हा विषाणू पेशीच्या डीएनएत घुसून शेजारचं जनुक चालू करतो. १९८२ साली सॅन फ्रान्सिस्कोत रूल नुसे आणि हॅरोल्ड व्हार्मस यांनी ते जनुक हुडकलं. आज डब्ल्यूएनटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घराण्यातलं ते पहिलं. माणसाच्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये हीच यंत्रणा बिघडलेली असते. उंदरांनी आपल्याला हे दिलं.

एक राहिलं. काही विषाणू माणसाच्या दुधातून खरंच जातात, एचआयव्ही आणि एचटीएलव्ही-१. तुम्हाला त्यांची लागण असेल, किंवा तुमची स्वतःची केमोथेरपी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाजू नका. आणि आईचा कॅन्सर कमी वयात झाला असेल किंवा नात्यात आणखी कोणाला असेल तर जनुक-सल्लागाराला भेटा. तिथे जाताना वडिलांकडच्या आत्या, आजी, चुलत बहिणी यांचीही माहिती घेऊन जा.

घरात कोणी उंदरांचा दाखला दिला तर विचारा, कुठल्या स्ट्रेनचे उंदीर. माझ्या दीरांना ते सांगता आलं नव्हतं.