पोटॅशियम उतरले, पण कशामुळे?

लग्नाच्या पंगतीत भरपेट जेवलेल्या तुमच्या भावाला पहाटे पाय उचलता येईनात, रक्तातले पोटॅशियम २.१ म्हणजे फारच कमी निघाले आणि औषधोपचारानंतर दुपारी तो चालत घरी आला, हे वाचून मला माझे एकतिसावे वर्ष आठवले. मी पूर्ण शुद्धीत होतो, चिमटा काढलेलाही कळत होता, परंतु कुशीवर वळण्यासाठी पत्नीला हाक मारावी लागली.

मला सर्वांत महागात पडली ती घरी सोडतानाच्या कागदावरील ‘पोटॅशियमची कमतरता, अशक्तपणा’ ही नोंद. पोटॅशियम का उतरले, हे त्या रुग्णालयात कोणी पाहिले नाही आणि मीही विचारले नाही. आठ महिने इमानेइतबारे शहाळी आणि केळी संपवली; त्या काळात सहा किलो वजन घटले, हात थरथरू लागले, बसल्या जागी नाडी ११०च्या पुढे जाई, आणि हे सारे मी कामाच्या ताणावर ढकलले. दुसऱ्या झटक्यात तर त्याच ठिकाणी ग्लुकोजचे सलाईन लावले आणि दंडही उचलेनासे झाले, कारण ग्लुकोजने इन्सुलिन वाढते आणि ते उरलेसुरले पोटॅशियमही पेशींत ढकलते. तिसऱ्या वेळी दुसरीकडे गेलो, तेव्हा एका शिकाऊ डॉक्टरने नाडी पाहून टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी करायला पाठवले, ते ०.०१पेक्षा कमी होते, म्हणजे थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत होती.

थायरॉइड वाढल्याने झटक्याझटक्याने येणाऱ्या या पक्षाघातात पोटॅशियम शरीराबाहेर जात नाही, रक्तातून स्नायूंच्या पेशींत शिरते, आणि झटका ओसरताना परत येते. म्हणूनच ते घाईने भरमसाट दिल्यास नंतर धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. घरच्या घरी पोटॅशियमचे औषध मुळीच देऊ नये. ‘थायरॉइड म्हणजे बायकांचा आजार’ ही समजूत येथे फार घातक ठरते, कारण असा पक्षाघात प्रामुख्याने २० ते ४० वयाच्या पुरुषांनाच होतो.

मी डॉक्टर नाही, प्रत्येकाचे कारण हेच असेल असेही नाही, तरी भावाच्या टीएसएच, टी३ आणि टी४ या थायरॉइडच्या चाचण्या याच आठवड्यात करून घ्याव्यात, असे माझे ठाम मत आहे. पुन्हा झटका आल्यास तडक इस्पितळ गाठून ईसीजी काढायला सांगा. निदान झालेच, तर थायरॉइड पूर्ण आटोक्यात येईपर्यंत गोळ्या चालू असतानाही झटका येऊ शकतो, तेव्हा जड जेवण आणि अतिश्रम टाळावेत. आणि तो २.१चा अहवाल जपून ठेवा. एरवी पोटॅशियम सामान्यच येते, त्यामुळे पुढच्या डॉक्टरांना दाखवायला तेवढाच पुरावा हाती राहतो.