माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात पायलट होते असं घरात सांगतात, त्यांचं रेकॉर्ड कुठं मिळेल?

तुम्ही लिहिलंय की गाव औसा तालुक्यातलं, कागद एकही शिल्लक नाही, फक्त विमानासमोर उभा असलेला एक फोटो आहे आणि आत्या सांगतात की पणजोबा "हैदराबाद स्क्वाड्रन"मधे (स्क्वाड्रन म्हणजे लढाऊ विमानांची तुकडी) पायलट होते. हे वाचून गप्प बसवेना, कारण ह्याच गोष्टीवरून आमच्या भावकीत अजून धड बोलणं नाहीये.

आधी स्पष्ट सांगतो, राग मानू नका. पहिल्या महायुद्धात ते पायलट नव्हते. त्या युद्धात ब्रिटिशांकडून लढाऊ विमान उडवलेले भारतीय म्हणून नावं येतात ती चार. इंद्रलाल रॉय कलकत्त्याचा, त्यानं ६ ते १९ जुलै १९१८ या दोन आठवड्यांत १० विमानं पाडली आणि २२ जुलैला फ्रान्समधे स्वतः पडला, तेव्हा वीस वर्षांचाही नव्हता. रावळपिंडीचे हरदित सिंग मलिक, एरल चंदर सेन आणि आपल्या मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर, हे तिघं बाकीचे. वेलिणकर २३ नंबरच्या स्क्वाड्रनमधे डॉल्फिन नावाचं लढाऊ विमान उडवायचे, जून १९१८ मधे गेले, आणि मराठी माणसाला त्यांचं नावही माहीत नसतं ही खरी खंत आहे. चौघंही खात्यापित्या घरची पोरं, शिक्षणासाठी आधीच विलायतेत होती. तरी मलिकांना सुरुवातीला कुणी घेतलं नाही, त्यांनी फ्रेंच रेड क्रॉसची अँब्युलन्स चालवली, मग ऑक्सफर्डच्या त्यांच्या शिक्षकांनी थेट वरच्या जनरलला पत्र लिहिलं तेव्हा भरती झाली. आता विचार करा, १९१७ साली औशाजवळच्या खेड्यातल्या, निजामाच्या रयतेतल्या पोराला कोण पायलट करणार होतं.

"हैदराबाद स्क्वाड्रन" मात्र खरी आहे, आत्यांनी ते हवेतून आणलेलं नाही. रॉयल एअर फोर्सची (आरएएफ, ब्रिटिशांचं हवाई दल) ११० नंबरची स्क्वाड्रन, तिची डीएच-९ए बॉम्बर विमानं निजाम उस्मान अली खानाच्या पैशातून आली, आणि प्रत्येक विमानावर निजामाची भेट म्हणून नाव आणि नंबर रंगवलेला असायचा. सप्टेंबर १९१८ पासून ती जर्मनीवर बॉम्ब टाकायला लागली. त्यातलं एक विमान, एफ-१०१०, ५ ऑक्टोबर १९१८ ला जर्मनांच्या हाती लागलं, पुढं बर्लिनच्या म्युझियममधे, तिथून पोलंडला, आणि १९७७ मधे लंडनच्या आरएएफ म्युझियममधे आलं, आजही तिथं आहे. पण त्यात बसणारे गोरे होते. आपला त्यात काय वाटा, तर शेतसारा. बीड, परभणी, नांदेड, औसा, उदगीर इथल्या शेतकऱ्यानं भरलेला सारा निजामाच्या तिजोरीत गेला आणि तिथून विमानं झाली. हे कुणी शाळेत शिकवत नाही. मला विचाराल तर कुणाच्या पणजोबाला खोटं पायलट करण्यापेक्षा ही गोष्ट सांगण्यात जास्त अभिमान आहे.

आता माझं. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना बापू म्हणायचो, पूर्णा जंक्शनला लोको शेडमधे पोरगेले असताना कामाला लागले आणि १९४२ मधे इंडियन एअर फोर्समधे भरती झाले. आमच्याकडंही सगळे सांगत आले की बापू लढाऊ पायलट होते, ब्रह्मदेशच्या आघाडीवर जपान्यांशी लढले. पुरावा काय तर फोटो. मागं हरिकेन विमान, पुढं चौघं जण, बापू डावीकडून दुसरे, टोपी उजव्या कानावर कललेली, आणि बाहीवर विमानाच्या पंख्याचं (प्रोपेलरचं) चिन्ह. बापूंचे चिरंजीव, म्हणजे आमचे तात्या, आल्यागेल्याला त्या पंख्यावर बोट ठेवून सांगायचे की हा बघा पायलटचा बिल्ला.

तर मंडळी, तो पायलटचा बिल्ला नाही. बाहीवरचा दोन पात्यांचा पंखा म्हणजे लीडिंग एअरक्राफ्टमन, जमिनीवरच्या माणसाची रँक. पायलटचे विंग्ज छातीवर डाव्या खिशाच्या वर शिवलेले असतात, मधे अक्षरं आणि दोन्ही बाजूला पंख. बापूंची डावी छाती फोटोत स्वच्छ दिसते, खिशाचं बटणसुद्धा दिसतं, तिथं काही नाही. बघायचंच झालं तर त्यांच्या हाताकडं बघावं, उजव्या मुठीत कापडाचा बोळा आहे, ग्रीस पुसायचा.

नंतर माळवदावरच्या खोलीत पत्र्याच्या ट्रंकेत त्यांचं सर्व्हिस बुक सापडलं, कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण आतलं पान शाबूत. त्यात ट्रेडच्या (कामाच्या) रकान्यात लिहिलंय फिटर, इंजिनचा. मी ते तात्यांपुढं ठेवलं. तात्या म्हणले, "काय बोलायलास तू? आपल्याच माणसाला खाली ओढायलास?" मी म्हणलं तात्या, खाली कुठं ओढायलो, हे बापूंचंच पुस्तक आहे. तेवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं, पण त्याच वर्षी गावच्या शाळेत फलक लागायचं ठरलं, "मराठवाड्याचे पहिले लढाऊ वैमानिक", आणि एका पेपरच्या पुरवणीत तसंच छापूनही आलं, छापणाऱ्यानं एक कागद बघायला मागितला नाही. फलक लागला. मी कार्यक्रमाला गेलो नाही आणि तेव्हापासून तात्यांचं माझं लग्नकार्यापुरतंच बोलणं आहे.

मला राग कशाचा आहे ते सांगतो. बापू स्वतः एकदाही पायलट म्हणले नाहीत. ते म्हणायचे, "मी मशीन पास करायचो." लहानपणी आम्हाला त्याचा अर्थ कळायचा नाही. एअर फोर्समधे प्रत्येक विमानाची एक वही असते, फॉर्म ७००. रोज सकाळी इंजिनवाला फिटर इंजिन तपासणार, बॉडीवाला बॉडी तपासणार, तोफा बघणारा आर्मरर तोफा तपासणार, आणि प्रत्येक जण त्या वहीत स्वतःची सही करणार. त्या सह्या बघूनच पायलट शेवटी सही करतो आणि विमान ताब्यात घेतो. म्हणजे हा माणूस जीव कुणाच्या भरवशावर टाकतो तर बापूंच्या सहीवर. १९४४ मधे जपान्यांनी इंफाळ वेढलं तेव्हा बापू तिथं होते, मार्चपासून २२ जूनला रस्ता मोकळा होईपर्यंत जे काही आलं ते विमानानं आलं, आणि वरून पाऊस. ते सांगायचे की हरिकेनचं इंजिन जागेवर फुल सोडलं की शेपूट उचलायचं, विमान नाकावर पडू नये म्हणून दोघं जण शेपटीवर आडवे पडून धरायचे, पंख्याच्या वाऱ्यानं तोंडात चिखल जायचा. हे सांगताना म्हातारा खाटेवर उठून बसायचा. ह्या माणसाला फिटर म्हणायची लाज का वाटावी? तो काय कमी लढला?

आणि हिशेबानं बघा. १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोडला आपली पहिली स्क्वाड्रन उभी राहिली तेव्हा चार वापिटी विमानं, मूठभर अधिकारी आणि १९ हवाई सिपाही. त्या अधिकाऱ्यांतले, पुढं हवाई दलप्रमुख झालेले सुब्रतो मुखर्जी सगळ्यांना ठाऊक, हवाई सिपाही कुणालाच ठाऊक नाहीत. युद्ध संपेपर्यंत फोर्स झाला सुमारे २८,५०० माणसांचा, त्यात अधिकारी १,६०० च्या आसपास. मग घरोघरच्या फोटोतला माणूस पायलट कसा असेल? बहुतेक जण फिटर, रिगर (विमानाची बॉडी बघणारे), आर्मरर, वायरलेसवाले, ड्रायव्हर, क्लार्क होते. रेल्वेच्या शेडमधे आणि वर्कशॉपमधे हात बसलेली पोरं त्यांना हवीच होती.

तुमच्या फोटोचं आता. आधी बाही आणि छाती बघा, मग विमान बघा. पंख एकावर एक दोन असतील तर जुनं विमान, तरी लगेच पहिलं महायुद्ध समजू नका, कारण टायगर मॉथ पण दोन पंखांचं आणि दुसऱ्या महायुद्धात हैदराबादच्या बेगमपेठला त्याच्यावरच पोरं शिकायची. माझा अंदाज असा की तुमचे पणजोबा दुसऱ्या महायुद्धातले असतील आणि सांगताना "मोठं युद्ध", "पहिलं युद्ध" असं मागंमागं सरकत गेलं. वय काढा. शाळेचं जुनं रजिस्टर मिळालं तर ते उर्दूत असेल आणि साल फसली (निजामाच्या राज्यातलं सरकारी साल, ऑक्टोबरात सुरू होणारं) असेल, त्यात ५९० मिळवा, जानेवारीपासून पुढच्या महिन्यांसाठी ५९१. बापूंचा जन्म १३३१ फसली लिहिलाय, म्हणजे १९२१-२२. उर्दू वाचायला गावात एखादे निवृत्त मास्तर सापडतातच, आम्हाला सापडले, आणि त्यांनी चहाशिवाय काही घेतलं नाही.

सर्व्हिस नंबर म्हणजे सगळं. नंबर नसेल तर नुसत्या नावावर कुणी काही शोधून देत नाही, कारण आपल्याकडच्या लोकांचं रेकॉर्डवर आडनावच नसतं, नाव आणि पुढं "राव", असे शेकडो. गावाच्या जागी नुसतं "हैदराबाद" लिहिलेलं असतं आणि ते सिंधमधलं हैदराबाद की आपलं दख्खनचं हे बघावं लागतं, ट्रेनिंग बहुतेक कराची-लाहोरकडं झाल्यामुळं हा घोळ हमखास होतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, दुसऱ्या महायुद्धातल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकारचं मानधन असतं, पणजीनं कधी अर्ज केला असेल तर त्या फायलीत नंबर असू शकतो. नंबर मिळाला की दिल्लीच्या एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिसला साध्या पत्रानं, नातं दाखवणारी कागदपत्रं जोडून लिहा. उत्तर यायला वेळ लागतो, चिकाटी ठेवा.

तरी अधिकारी असतीलच असं वाटत असेल तर लंडन गॅझेट (ब्रिटिश सरकारचं राजपत्र) ऑनलाइन फुकट आहे, आरएएफमधे कमिशन म्हणजे अधिकारीपद मिळालेल्याचं नाव त्यात येतं. पहिल्या महायुद्धातल्या आरएएफ अधिकाऱ्यांच्या सर्व्हिस शीट लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमधे एआयआर ७६ या मालिकेत आहेत, साध्या एअरमनच्या एआयआर ७९ मधे. स्क्वाड्रनची रोजनिशी म्हणजे ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक एआयआर २७ मधे, पण त्यात कोण उडालं ते असतं, विमान कुणी तयार केलं ते क्वचितच. लॉगबुक घरात असेल तर सोनं आहे. तारीख, विमानाचा नंबर, सोबत कोण, किती वेळ, महिन्याच्या शेवटी वरच्याची सही, रात्रीचे तास लाल शाईत, असं असेल तरच पायलट म्हणा. लॉगबुक नाही, विंग्ज नाहीत, गॅझेटमधे नाव नाही, तर मग पायलट म्हणू नका, आत्या कितीही म्हणोत.

आणि हो, हे राहिलंच. पहिल्या महायुद्धात ते खरंच गेले असतील तर एअर फोर्स सोडून दुसरीकडं शोधा. निजामाचे हैदराबाद लान्सर्स, म्हणजे घोडदळ, इजिप्त-पॅलेस्टाइनकडं होते, आणि मेसोपोटेमियात मजूर म्हणून, खेचरं हाकायला, गाड्यांवर म्हणून आपल्या देशातली लाखो माणसं गेली, त्यातल्या कुणीही एखाद्या विमानतळाजवळ उभं राहून फोटो काढलेला असू शकतो. युद्धात मरण पावलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हजच्या साइटवर सापडतात, तुमचे पणजोबा परत आले असतील तर तिथं वेळ घालवू नका. निजामाच्या फौजेचे कागद हैदराबादला तारनाक्याच्या स्टेट आर्काइव्हजमधे बघावे लागतील, तेही बरेचसे उर्दूत.

शेवटी फलकाचं, कारण तुम्ही शाळेत फलक लावायचं म्हणताय. घाई करू नका. नंबर सापडू द्या, ट्रेड सापडू द्या, आणि जे निघेल ते आत्यांना एकदा शांतपणे वाचून दाखवा, मी तात्यांपुढं चारचौघांत ठेवलं तसं नको. फिटर निघाले तर फलकावर फिटर लिहा, ठळक अक्षरात लिहा, आणि तुमच्या आत्यांच्याच हातानं उद्घाटन करा. फोटोची बाही आणि छाती जवळून मोबाइलवर काढून इथं टाका, बिल्ला कशाचा ते मी सांगतो.